सतरावी खोली

पाद्रीसायबांनी बैठकीत सांगितलं,
मिशन आता दर्यापलीकडे नाही,
तुमच्या कुंपणापलीकडे आहे.
आम्ही माना डोलावल्या. चहा आला.
"कुंपण कुणी घातलं?" कितेरियाने विचारलं.
कुणीतरी हसलं. पंखा फिरत राहिला.

वही माझ्याकडे असते.
बाकीचे रोमीत लिहितात, मी चौथीपर्यंत मराठी शाळेत,
म्हणून आमच्या वाड्याची सायबीण
बाळबोध अक्षरात घरोघर फिरते:
तारीख, घर, कोण नेणार, चणे कुणाचे.

यंदा एकतीस घरं. त्यांतली नऊ बंद.
माणसं लंडनकडच्या गोदामांत खोकी उचलतात,
खिडक्यांना फळ्या, तुळशीएवढ्या उंच गवतात क्रूस.
तिथं आम्ही पायरीवर मूर्ती टेकवतो,
मेणबत्ती लावतो, तेर्स म्हणतो.
कुलूप आमेन म्हणत नाही.

कितेरिया टोपली घेऊन वेर्ण्याच्या पठारावर जाते,
औषधांच्या कारखान्यामागे पत्र्याची चाळ आहे.
ती म्हणाली, सतराव्या खोलीच्या दाराला
झावळ्यांच्या रविवारचा वाळका क्रूस टाचलाय.
झारखंडची माणसं. रविवारी शिफ्ट.
शिफ्ट नसली की येतात,
मागे उभी राहतात, पवित्र पाण्याच्या दगडापाशी.

मला आठवली.
मी त्यांना लादी बसवायला आलेले समजत होते.

बेंतू मेस्त म्हणाला, सायबिणीचा मुगुट चांदीचा आहे.
कुणी म्हणालं, रस्ता वाईट. कुणी म्हणालं, भायले.
हा शब्द मी वहीत लिहिला नाही.
खोटं कशाला बोलू, लिहिला होता. मग खोडला.

पाद्रीसायब त्या आठवड्यात रितिराला गेलेले.
विचारायला कुणी नव्हतं, हेही बरंच झालं.
अगोस्तीन पोदेराने सायकल काढली, पुढे भोंगा वाजवत निघाला.
मूर्ती बेंतूच्याच खांद्यावर,
आणि संपूर्ण चढभर तो मुगुटाबद्दल कुरकुरत होता.

खोली आठ बाय दहा.
गॅसच्या सिलिंडरवर ओढणी पसरून
बिबियाना डुंगडुंगने जागा केली.
हाताला गोळ्यांच्या भुकटीचा वास.
आमचं "नमान", तिचं "प्रणाम",
पहिलं दशक अडखळलं, एकमेकांच्या पायात पाय.
दुसऱ्यात मणी आपोआप जुळले.
शेजारच्या खोलीतला बिहारी पोरगा
मोबाईल बंद करून दारात बसला,
चणे मिळणार हे त्याला कळलं होतं.

मग ती म्हणाली, आमच्या गावी फादर दोन महिन्यांनी येतो,
पावसात चार. मधले रविवार
बाबा चालवायचे. बाबा गेल्यावर आई.
"तुमच्याकडे मिस्सा रोज? रोज?"
रोज भात असतो का, असं विचारावं तसं.

उतरताना तिने विचारलं,
बंद घरांत मूर्ती बाहेर का ठेवता? किल्ल्या हरवल्या?

किल्ल्या माझ्या दारामागच्या खिळ्याला आहेत.
नऊच्या नऊ. दर पावसाळ्याआधी मी त्यांना तेल लावते.
दारं मात्र उघडत नाही. कुणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी नाईट करून ती झाडू घेऊन आली, बरोबर दोघी.
मिंगेलच्या घरात वटवाघळं, भिंतीवर लग्नाचा फोटो,
ओटीवर वाळवी.
सायबीण पहिल्यांदा आत गेली.
मी बाहेरच थांबले जरा वेळ,
डोळ्यांत धूळ गेली होती.

पाद्रीसायब परतले, वही चाळली.
"एकतीसची बत्तीस कशी झाली?"
मी पेन शोधत होते, उत्तर सापडेना.
कितेरिया पायरीवर बांगडे साफ करत होती.
मान वर न करता म्हणाली,
मोजायला चुकलं सायबा.
अकरा वर्षं.